व्हॉट्सॲपच्या चॅट कुठे कुठे साठतात, आणि त्या कशा आवराव्यात

व्हॉट्सॲपवरचे आपसातले मेसेज एप्रिल २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच उघडता येतील असे कुलूपबंद. वाटेत ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. पण पोचलेल्या मेसेजच्या प्रती नंतर कुठे कुठे पडून राहतात, तिकडे आपलं लक्ष नसतं. माझ्या मते खरी काळजी तिथेच घ्यायला हवी.

सुरुवात बॅकअपपासून करा. अँड्रॉइडवर तो गूगल खात्यात जातो, आयफोनवर आयक्लाउड या ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत. बॅकअपही एन्क्रिप्ट करायची सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, पण ती आपली आपण चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, मग ‘चॅट बॅकअप’ आणि शेवटी ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’. तिथे पासवर्ड ठेवा आणि तो वहीत लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. फोन गेला आणि पासवर्डही विसरलात, तर व्हॉट्सॲप काहीच करू शकत नाही. आयफोनवर अख्ख्या फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल, तर चॅटची एन्क्रिप्ट न केलेली प्रतही तिकडे जाते. हे बहुतेकांना माहीतच नसतं. तोही बंद करायला हवा.

मग गॅलरी. आलेला प्रत्येक फोटो तिथे जमा होतो आणि गूगल फोटोजला परवानगी दिली असेल तर तिथून क्लाउडवर. अँड्रॉइडवर ‘चॅट्स’मधलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, आयफोनवर ‘सेव्ह टू फोटोज’.

आता झेरॉक्सचं दुकान. आधार, पॅन, पासबुक, काय हवं ते आपण दुकानदाराच्या नंबरवर पाठवतो, तो कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंट देतो, आपण पैसे देऊन निघतो. ती फाइल मात्र त्याच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये राहते, त्याआधी आलेल्या शेकडो गिऱ्हाइकांच्या कागदांशेजारी. तुम्ही नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलंत तरी उतरवून घेतलेली प्रत जात नाही. म्हणून काउंटरवर उभे असतानाच, ‘दादा, फाइल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही,’ असं सांगा. अजिबात संकोच करू नका. शक्य तिथे मास्क्ड आधार द्या. तो आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून मिळतो आणि त्यावर नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात. दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल, तर फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तिथलं लॉग आउट लगेच करा.

टेलिग्राम वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथल्या साध्या चॅट कंपनीच्या सर्व्हरवरच साठतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन हवं असेल तर ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावी लागते, आणि ग्रुपसाठी ती नाही.

मजकूर वाचता आला नाही, तरी खात्याविषयीची माहिती कंपनीकडे असते. ती किती, यात ॲपगणिक फार फरक पडतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने (गुन्ह्याच्या तपासासाठी नेमलेलं नागरिकांचं मंडळ) सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे एका खात्याची माहिती मागितली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांच्यापाशी देण्यासारखं निघालं. व्हॉट्सॲपकडे तुमच्याबद्दल काय आहे ते पाहायचं असेल, तर ‘अकाउंट’मधून ‘रिक्वेस्ट अकाउंट इन्फो’ निवडा. रिपोर्ट साधारण तीन दिवसांत तयार होतो. त्यात मेसेज नसतात, पण प्रोफाइल फोटो, कॉन्टॅक्ट्सचे नंबर आणि ग्रुपची नावं असतात. वाचून झाल्यावर फोनवर उतरवलेली ती फाइलही काढून टाका.