अहो ते अगं

छत्तिसाव्या वर्षी मी सांगलीहून डोंबिवलीला आले. नवऱ्याची बदली झाली होती, मुलगी तिसरीत होती आणि मला दादरला एका ऑफिसात हिशेबाचं काम मिळालं होतं. पहिल्या सहा महिन्यांत बोलणं पुष्कळांशी झालं: भाजीवाली, समोरच्या काकू, मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या आया. पण रात्री ताप चढला तर कुणाला हाक मारावी, असं एक नाव डोळ्यांसमोर येत नव्हतं. सांगलीच्या मैत्रिणींचा फोन ठेवला की घर आणखीच सुनं वाटायचं. या गोष्टीला आता सात वर्षं झाली. आज माझ्या इथे चार मैत्रिणी आहेत, आणि त्या कशा झाल्या ते सांगावंसं वाटतं. ‘या वयात कुठली मैत्री जमते’ असं एखादी खालच्या आवाजात म्हणते, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आधी तासांचा हिशेब करा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८चा एक अभ्यास आहे. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मैत्री म्हणावी असं व्हायला ९०, आणि जिवाभावाची व्हायला २००हून जास्त. हे वाचल्यावर मी माझ्या लोकलचं गणित मांडलं. दादरपर्यंत ५० मिनिटं, आठवड्यातले ५ दिवस, म्हणजे आठवड्याला ४ तास १० मिनिटं. २०० तासांना ४८ आठवडे लागतात. आणि खरंच, खिडकीजवळच्या बाईंना मी पहिल्यांदा ‘अगं’ म्हटलं, तेव्हा वर्ष भरत आलं होतं. उलट महिन्यातून एकदा दोन तासांच्या भिशीला गेलात, तर वर्षाचे २४ तासच होतात. म्हणून भिशीत तीन वर्षं राहूनही एकटं वाटत असेल, तर दोष तुमच्यात शोधू नका.

तेव्हा मोठा गोतावळा शोधू नका, एक ठरलेली वेळ शोधा. मी रोज तीच गाडी, तोच लेडीज डबा, तोच दरवाजा धरला. लोकलमध्ये पहिलं वाक्य शोधावं लागत नाही. ‘तुम्ही कुठे उतरणार?’ हे विचारावंच लागतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिघींच्या बाकावर सरकून चौथीला जागा करून देतं. पंधरा दिवसांनी तुम्ही आला नाहीत तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते. लोकल नसेल तर सकाळी त्याच बागेत त्याच वेळी चालायला जा, भजनी मंडळात जा, शिवणाच्या किंवा योगाच्या वर्गाला जा. दोन गोष्टी मात्र बघा: चेहरे तेच हवेत आणि हातांना काही काम हवं. आमच्या डब्यात मेथी निवडता निवडता बायका जे बोलतात, ते समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं तर ओठांवर येणार नाही.

नाव सांगा. ‘मी अमुकची आई’ अशी ओळख करून दिलीत तर पुढची तीन वर्षं बोलणं गृहपाठाभोवतीच फिरतं. मी एका बाईंना आमच्या मुली एका शाळेत आहेत म्हणून दोन वर्षं ओळखत होते. त्या उत्तम पेटी वाजवतात, हे शाळा बदलल्यावर कळलं. त्या दोन वर्षांची मला अजून हळहळ वाटते.

यानंतरचं पाऊल बहुतेकींकडून राहून जातं. गाडीतली मैत्री गाडीतच राहते, वर्गातली वर्गातच. कुणी तरी ती उंबऱ्याच्या आत आणावी लागते, आणि ती ‘कुणी तरी’ तुम्हीच व्हा. मी दीड वर्ष आमंत्रणाची वाट पाहिली. नंतर कळलं, समोरचीही तेच करत होती. ‘कधीतरी या ना घरी’ याला आमंत्रण म्हणत नाहीत. ‘शनिवारी चार वाजता चहाला या, मुली क्लासला गेलेल्या असतात’ हे आमंत्रण. पहिल्यांदा जेवायला बोलावू नका. चार भाज्या करण्यात तुम्ही ओट्यापाशीच राहता आणि पाहुणी बाहेर सासूबाईंशी बोलत बसते. चहा आणि पोहे पुरतात. नवऱ्यांनाही बोलावू नका; चौघं जमलो की गप्पा त्यांच्या ऑफिसच्या होतात.

एकटीला बोलावणं अवघड वाटत असेल तर संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस धरा. हळदीकुंकवाला बोलवायला वेगळं निमित्त लागत नाही, नव्याने राहायला आलेलीही दहा दारांवर जाऊ शकते. माझ्याकडे पहिल्या वर्षी सात जणी आल्या. एक गोष्ट मी ठरवून करते: नवरा असो, नसो, गेलेला असो, सगळ्यांना बोलावते आणि सगळ्यांना तिळगूळ आणि वाण सारखंच देते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना पती गेल्यावर नऊ वर्षांत कुणीही बोलावलं नव्हतं. एकसष्ट वर्षांच्या त्या बाई आज माझ्या चौघींपैकी एक आहेत. वय जुळलं पाहिजे असा हट्ट धरू नका.

मदत मागा, पण लहान. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी शेजारणीला विचारलं, ‘दोन दिवस मुलीला बसवरून घ्याल का?’ त्याआधी मी वर्षभर ‘काही नको, जमतं मला’ म्हणत राहिले होते, आणि म्हणून तीही मला काही सांगत नव्हती. त्या आठवड्यानंतर ती कढीपत्ता मागायला आली, मग आमटीचा डबा आला. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत इथे फार उपयोगी पडते. भाजी, चिवडा, काहीच नसलं तर चार लिंबं. डबा फिरत राहिला की येणं-जाणं फिरत राहतं.

मन मोकळं करतानाही बेताने करा. पहिल्या महिन्यात घरातली सगळी भांडणं सांगितलीत तर ऐकणारी दबून जाते. आधी एखादी साधी अडचण सांगा आणि ती बाहेर जात नाही ना, ते बघा. माझी एक गोष्ट अशीच सोसायटीभर झाली होती. त्या बाईंशी मी आजही बोलते, पण पाऊसपाण्याचं.

आणि नकार. दोनदा बोलावलं आणि आली नाही, तर तिसऱ्यांदा बोलावू नका, पण गाठ पडली की हसून बोला. तिच्या घरी आजारी माणूस असेल, दोन नोकऱ्या असतील. एकीला मी अशी दोनदा बोलावली होती. दोन वर्षांनी, नवरात्रात, तिच्या सोसायटीतल्या भोंडल्याचं बोलावणं तिने स्वतः फोन करून दिलं. मी खिरापतीचा डबा घेऊन गेले, आणि येताना तिने त्यात करंज्या भरून दिल्या.