ग्राफिक्स कार्डचं ओव्हरक्लॉकिंग: आकडा बघू नका, स्कोअर बघा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कार्ड कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर उतरवण्याआधी कॅबिनेट उघडा आणि कार्डच्या पंख्यांवरची धूळ ब्रशने काढा. एनव्हिडियाची कार्डं २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून जीपीयू बूस्टवर चालतात. विजेला आणि तापमानाला वाव असेल तर कार्ड स्वतःच क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, चढवतं, तापलं की उतरवतं. धूळ साचलेली असेल तर तुम्ही वाढवलेला वेग ते तुमच्या देखत परत घेईल. नागपूर-अकोल्याकडे राहत असाल तर डिसेंबरात जुळवलेली सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासाच.

आता एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर टाका. कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. काहीही न बदलता युनिजिन सुपरपोझिशन ही कार्डची ताकद मोजून स्कोअर देणारी टेस्ट एकदा चालवा आणि स्कोअर, तापमान, कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) कागदावर लिहून ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग फायदा झाला की तोटा, हेच कळत नाही.

आफ्टरबर्नरमधली पॉवर लिमिटची (कार्डने किती वीज घ्यावी त्या मर्यादेची) पट्टी उजवीकडे शेवटपर्यंत न्या, पण एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) चांगल्या प्रतीचा असेल तरच. व्होल्टेजला हात लावू नका. थोड्याशा मेगाहर्ट्झसाठी उष्णता फार वाढते.

कोअर क्लॉक +३० मेगाहर्ट्झ करा, बरोबरच्या खुणेवर क्लिक करा, दहा मिनिटं टेस्ट चालवा. टिकलं तर आणखी ३०. कधीतरी स्क्रीन क्षणभर काळी होईल किंवा गेम बंद पडेल. विंडोज कार्डच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट बघतं आणि मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू करतं, तेच झालेलं असतं. घाबरू नका, ३० ते ४५ मागे या.

मेमरीशी मात्र जपून. कोअर क्लॉक बहुधा क्रॅश होऊन मर्यादा सांगतो, मेमरी गप्प राहते. जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी चूक सापडली की तोच डेटा पुन्हा पाठवते. चित्र स्वच्छ दिसतं, वेग मात्र पडतो. माझ्या कार्डवर +१००० ला एकही ठिपका दिसला नाही, पण स्कोअर +७०० पेक्षा कमी आला. म्हणून १००-१०० ने चढा, दर वेळी स्कोअर लिहा आणि तो घसरू लागला की मागच्या आकड्यावर परत या. काळ्या भागात चमकणारे ठिपके किंवा कोपऱ्यातून ताणलेले त्रिकोण दिसले, तर तुम्ही फारच पुढे गेला आहात.

एएमडी कार्ड असेल तर वेगळं काही टाकायची गरज नाही. एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्येच परफॉर्मन्सखाली ट्यूनिंग आहे. लॅपटॉपवर पॉवर लिमिट बहुधा कुलूपबंद असते, तिथे फार अपेक्षा ठेवू नका.

जुळलेली सेटिंग प्रोफाइल १ मध्ये सेव्ह करा. विंडोज सुरू होताच लागू करायचं बटण मात्र आठवडाभर बंदच ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर रीस्टार्ट केल्यावर कार्ड मूळ वेगावर येतं. नेहमीचे गेम आठवडाभर विनातक्रार चालले, की मग ते बटण दाबा.