स्टील स्लॅगची फुगवण चाचणी : या चुका टाळा

स्टील स्लॅग म्हणजे पोलाद बनवताना उरणारी मळी; ती रस्त्याखाली खडीसारखी वापरतात. या स्लॅगमध्ये थोडाफार कळीचा चुना शिल्लक असतो. रस्त्याखाली त्याला पाणी मिळालं की तो विरतो आणि जवळपास दुप्पट जागा घेतो; वरचा डांबरी थर फुगतो, तडकतो. हे आधी कळावं म्हणून चाचणी. पण ती चुकीच्या पद्धतीने 'पास' होणं फार सोपं आहे.

सगळ्यात मोठी चूक मोल्ड (नमुना दाबून भरायचा साचा) भरण्याआधीच होते. ढिगाच्या वरच्या भागातून नमुना उचलला, की तो हमखास चांगला निघतो, कारण वरचा माल पावसापाण्यात मुरलेला असतो. आतला कोराच राहतो. ढीग फोडून, वेगवेगळ्या खोलीवरून नमुने घ्या. मुरलेला स्लॅग नंतर क्रशरमधून काढला असेल तर चाचणी पुन्हा करा. दगड फुटला की आतला न विरलेला चुना उघडा पडतो.

एएसटीएम डी 4792 या अमेरिकी चाचणी-मानकानुसार दाबून भरलेला मोल्ड 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान 7 दिवस ठेवतात. माल सैल भरला तर फुगवण पोकळ्यांतच जिरते आणि डायल गेज (नमुन्याची वाढ दाखवणारं काट्याचं मापक) हलतच नाही. नमुन्याची उंची साधारण 116 मिमी, म्हणजे फुगवणीची नेहमी धरली जाणारी 0.5 टक्क्यांची मर्यादा अवघी 0.58 मिमी! गार पाण्यात शून्य लावून मग पाणी तापवलं, तर मोल्ड आणि गेजचा स्टँड तापून वाढतात तेही वाचनात मिसळतं. तापमान स्थिर झाल्यावरच शून्य लावा, आणि स्टँडला धक्का लागू देऊ नका. पाणी आटतं, तेही रोज बघा.

सातव्या दिवशी 0.4 टक्के आले म्हणून लगेच सही करू नका. रोजच्या वाचनांचा आलेख काढा. रेषा अजून चढतीच असेल तर चाचणी पुढे चालू ठेवा.

मॅग्नेशियम ऑक्साइडचं प्रमाण न बघता चाचणी निवडणं हीसुद्धा महागात पडणारी चूक. स्लॅगमधला हा घटकही पाण्याने विरून फुगतो, पण फार सावकाश, रस्त्यात वर्षानुवर्षं. म्हणूनच युरोपीय मानकाच्या वाफेच्या चाचणीत तो 5 टक्क्यांपर्यंत असेल तर 24 तास, त्यापेक्षा जास्त असेल तर 168 तास वाफ देतात.

मुक्त चुना (इतर संयुगांत न बांधलेला) ग्लायकॉल या द्रावकाने मोजत असाल तर एक ध्यानात ठेवा: त्यात विरलेला चुनाही मोजला जातो. आकडा मोठा आला म्हणजे तेवढी फुगवण बाकी आहे, असं नाही.