ठासणीची बंदूक पावसाळ्यात कशी जपावी

आमच्या घरच्या केपाच्या बंदुकीची नळी आतून खड्ड्याखड्ड्यांची झाली आहे. ही ठासणीची बंदूक: दारू नळीच्या तोंडातून ठासायची, आणि घोडा केपावर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर, आपटला की बार होतो. वानरं हाकलायला बार काढायचा, नळीत खोबरेलाचा बोळा फिरवायचा आणि बंदूक खुंटीला टांगायची, असं वर्षानुवर्षं चाललं. तेल लावलं म्हणजे लोखंड सुरक्षित, असं सगळ्यांना वाटे. काळ्या दारूच्या बाबतीत ते खरं नाही. आधी पाणी, मग तेल.

काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतं. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि कीट होऊन उरतो. नळीला चिकटलेलं हे कीट म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. ते हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत ओलावाच ओलावा. केपाच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असेल तर मागे मिठाच्या जातीचा क्षार राहतो, तो लोखंड आणखी लवकर खातो. हे क्षार रॉकेलात किंवा तेलात विरघळत नाहीत, पाण्यात लगेच विरघळतात. वरून तेल फासलं तर गंज तेलाखाली सुखाने वाढतो.

सुरुवात मात्र बंदूक रिकामी आहे याची खात्री करून. नळी रिकामी असताना गज, म्हणजे दारू ठासायची लांब काठी, तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करून ठेवावी. पुढे कधीही गज त्या खुणेपर्यंत गेला नाही तर आत काहीतरी आहे. तशी बंदूक धुवायला घेऊ नये, विस्तवाजवळ नेऊ नये. परवानाधारक कारागिराला बोलवावं. बंदूक भरून ठेवण्याची जुनी सवय याच कारणाने घातक आहे.

बार काढला त्याच दिवशी धुवावी, उद्यावर टाकू नये. जिच्यावर केप बसतं ती भोकाची बोंडी म्हणजे निपल; ती पान्याने काढून वेगळी भिजत घालावी. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर तिचं बूड कोमट साबणाच्या पाण्याच्या बादलीत ठेवून गजाला घट्ट सुती चिंधी बांधून वरखाली करावं. निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं आणि काळंकुट्ट, कुजक्या अंड्याच्या वासाचं होऊन बाहेर पडतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत बादल्या बदलाव्यात. नळी सुटत नसेल तर ओल्या चिंध्यांनी पुसत राहावं आणि दस्त्याचं लाकूड भिजू देऊ नये. बुडाचं बूच स्वतः खोलू नये.

पाणी गोडं हवं. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुतलं तर एक मीठ काढून दुसरं भरल्यासारखं होईल.

शेवटचं पाणी कढत घालावं. लोखंड तापतं आणि आपोआप सुकतं. पण तापलेल्या उघड्या लोखंडावर काही मिनिटांत तांबूस झाक येते, म्हणून कोरड्या चिंध्या फिरवून लगेच मशिनचं तेल लावावं. खोबरेल नको: ते थंडीत थिजतं, खवट होतं, घोड्याच्या कळीत चिकटून बसतं.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवावी. ती तपकिरी निघाली तर पुन्हा पुसून तेल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण राहिलेली चूक इथेच दिसते. पुढे पावसाळाभर आठवड्यातून एकदा हेच करावं.

बंदूक कापडी किंवा चामडी खोळीत बंद करून ठेवू नये, चिऱ्याच्या ओल्या भिंतीला टेकवू नये. कुलपात, हवा खेळेल अशी, तोंड खाली करून ठेवावी. म्हणजे जादा तेल निपलकडे आणि लाकडात उतरत नाही. खंडेनवमीला पूजेची फुलं, हळदकुंकू रात्रभर तिच्यावर राहिलं तर सकाळी पुसून तेल लावावं. निवडणुकीत बंदूक पोलिसांकडे जमा करायच्या आदल्या दिवशीही तेलाचा जाड हात फिरवावा. परत कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. आमची एकदा तांबेरून परत आली होती.

हे सारं परवान्यावर नाव असलेल्यानेच करायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. रानडुकराने शेत उद्ध्वस्त केलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही.

पुन्हा बार काढण्याआधी कोरडी चिंधी घालून तेल पुसून काढायचं. नळीत तेल राहिलं की दारू ओली होते आणि केप फुटूनही बार होत नाही. तसं झालं तर नळीचं तोंड मोकळ्या, निर्मनुष्य दिशेला धरून किमान मिनिटभर थांबावं. बार उशिरानेही होऊ शकतो.