कोंबड्यांच्या खुराड्यात साप शिरू नये म्हणून काय करायचं

आमच्याकडे कोकणात पाच-सात गावठी कोंबड्या बहुतेकांच्या परसात असतातच, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळा तोंडावर आल्याच्या, सुमारास कुणाच्या ना कुणाच्या खुराड्यातून मध्यरात्री कलकलाट ऐकू येतोच. मागच्या वर्षी आमचा नंबर लागला. टॉर्च मारून बघतो तर धामण जाळीत अडकलेली, येताना सडपातळ होती म्हणून आरामात आत आली, तीन अंडी गिळली आणि जाताना पोटातले ते तीन गोळे काय जाळीतून निघेनात. शेवटी सर्पमित्राला बोलावून तार कापून सोडवली.

तर मुद्दा जाळीचाच आहे. बाजारात कोंबडीजाळी म्हणून जी षटकोनी भोकांची मिळते ती कोंबडी आत ठेवते, साप बाहेर ठेवत नाही. पाव इंची भोकाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी भोकांची तारेची जाळी घ्या, महाग पडते, सगळीकडे परवडली नाही तर खालचा दोन-तीन फुटांचा भाग, दार आणि हवेच्या खिडक्या एवढ्याला तरी लावाच. जाळी जमिनीत सात-आठ इंच पुरायची आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवायचं म्हणजे घूस उकरत नाही, कारण घूस जे बीळ पाडते त्यातूनच नंतर साप येतो. मग एक पेन्सिल घेऊन खुराड्याभोवती फिरा, जिथून पेन्सिल आरपार जाते तिथून सापाचं पिल्लू पण जाऊ शकतं. चिऱ्याच्या भिंतीतल्या फटी सिमेंटने लिंपा, दाराखालची फट तर सगळेच विसरतात. वरून पण बंद पाहिजे हां, धामण झाडावर मस्त चढते, आंब्या-फणसाची फांदी छपराला टेकत असेल तर छाटून टाका.

माशाचं जुनं जाळं टाकू नका प्लीज, साप त्यात गुरफटतो, मरतो, किंवा जिवंत असला तर सोडवायला जाणाऱ्याला चावतो.

दुसरं म्हणजे उंदीर. साप अर्धा वेळ कोंबडीसाठी नाही, सांडलेल्या कणीवर येणाऱ्या उंदरांसाठी येतो. खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवा, रात्री भांडं उचलून घ्या, अंडी संध्याकाळीच काढा. लाकूडफाटा, चुडतं म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, नारळाची सोडणं खुराड्याला लागून रचायची सवय आपल्याला असते, ती लांब हलवा. अंडी उबवायला बसवलेली खुडूक कोंबडी मात्र 21 दिवस हलत नाही, तिला आणि नंतर पिल्लांना रात्री घट्ट झाकणाच्या, जाळी लावलेल्या पेटीत ठेवा, नुसतं डालगं, म्हणजे बांबूची टोपली, पुरत नाही.

आणि नक्की सापच आहे का ते पण बघा. साप अंडं अख्खं गिळतो, टरफल मागे राहत नाही. टरफलं पडलेली दिसली तर मुंगूस, कावळा नाहीतर उंदीर. पिल्लू मेलेलं पण डोकं-मान ओली चिकट दिसली तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडलंय.

फिनेल, रॉकेल, लसूण, डांबरगोळ्या यावर पैसे घालवू नका, आम्ही सगळं करून बसलोय, पहिल्या पावसात सगळं वाहून जातं. डांबरगोळी कोंबडीने टोचली तर ते वेगळंच झंझट.

रात्री ओरडा झाला तर गमबूट, टॉर्च, आणि आधी लांबून बघा. अंधारात अंडी चाचपायला हात घालायचा नाही म्हणजे नाही, धामण बिनविषारी आहे पण नागालाही अंडी-पिल्लं चालतात. मारू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, वनखात्याचा 1926 नंबर लावा किंवा ओळखीचा सर्पमित्र. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको, हात-पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना, गाडी नसेल तर 108.

जाळीचे तुकडे उरतील ते फेकू नका, न्हाणीघराच्या मोरीच्या तोंडाला लावून टाका, तिथूनही येतात.