पुण्यात पॅरट फिंच पाळताना: पिंजरा लांब, दाणा मोजका

निळ्या चेहऱ्याची पॅरट फिंच हा न्यू गिनी, सुलावेसी आणि आसपासच्या बेटांवरच्या डोंगराळ जंगलांतला पक्षी. लांबी जेमतेम 12 सेंमी, अंग पोपटी, तोंडावर निळा मुखवटा, शेपूट तांबूस. गवताचं आणि बांबूचं कोवळं बी हे त्याचं खाणं. हा परदेशी पक्षी आहे. आपल्याकडची लाल मुनिया किंवा ठिपक्यांची मुनिया पाळणं मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. कुणी विकत असेल तरी घेऊ नका.

हा पक्षी उपासमारीपेक्षा चरबीने आणि घाबरून जास्त दगावतो, म्हणून आधी पिंजऱ्याकडे बघा. जोडीसाठी कमीत कमी 4 फूट लांब, दीड-दोन फूट खोल, जाळी अर्ध्या इंचाची. उंच-अरुंद पिंजरा दिसायला छान, पण इथे निरुपयोगी, कारण हा पक्षी सरळ रेषेत वेगाने उडतो. बसायच्या काठ्या दोन टोकांना लावा आणि मधली जागा मोकळी ठेवा. काठ्या पेरूच्या किंवा जांभळाच्या, कमी-जास्त जाडीच्या घ्या. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर नखं झिजत नाहीत, आणि या जातीची नखं वाढतातही भराभर. वाढलेलं नख जाळीत अडकलं की पाय मोडतो. महिन्यातून एकदा नख उजेडासमोर धरा, आतली लाल शीर सोडून फक्त टोक कापा. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

दाण्यासाठी दोन भाग राळा, एक भाग कॅनरी सीड आणि एक भाग वरी. वरी टरफलासकट हवी. उपासाची, किराणा दुकानातली वरी टरफल काढलेली असते, ती चालणार नाही. एका पक्ष्याला दिवसाला चहाचा एक सपाट चमचा पुरतो. वाटी भरलेली दिसते म्हणून फसू नका, पक्षी टरफलं वाटीतच टाकतो. रोज सकाळी फुंकर मारून बघा, खाली दाणा उरलाय का. सूर्यफुलासारखं तेलकट बी देऊ नका.

खरी जान हिरव्या, अर्धवट पिकलेल्या कणसांत आहे. पावसाळ्यात गवताला तुरे आले की ते खुडून आणा, पण रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेल्या बागेतले नकोत. धुऊन फ्रीजरमध्ये ठेवले की हिवाळाभर पुरतात. एरवी राळा 12 तास भिजवून, दिवसभर फडक्यात बांधून मोड आणा. दमट दिवसांत त्याला बुरशी लवकर धरते, म्हणून दोन-तीन तासांत उरलेलं काढून टाका. समुद्रफेस (माकूळ माशाचं पांढरं हाड) मात्र बारा महिने टांगलेला असावा.

एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास जातो तेव्हा पिंजरा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवू नका. चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले की ऊन सोसत नाहीये असं समजा: सावली, उथळ ताटलीत पाणी, एका बाजूला ओलं गोणपाट. कूलरचा झोत थेट अंगावर नको. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तीन बाजूंनी जाड कापड टाका.

विसर्जन मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांची तयारी आदल्या दिवशीच करा. पिंजरा आतल्या खोलीत हलवा आणि झिरोचा दिवा चालू ठेवा. काळोखात घाबरलेला पक्षी जाळीवर आपटतो आणि मानेला मार बसतो. नॉन-स्टिक तवा तापून निघणारा धूरही काही मिनिटांत जीव घेतो, म्हणून स्वयंपाकघर वर्ज्य.

नर-मादी दिसायला जवळपास सारखेच. नराचा निळा रंग थोडा मोठा, इतकंच. त्यावर पैसे लावू नका, पिसाची डीएनए चाचणी करून घ्या. घरट्याला 6 इंचांची लाकडी पेटी, अर्धं तोंड उघडं, आत सुकं गवत आणि काथ्या. सुती दोरा पायाला गुरफटतो, तो नको. अंडी सुमारे दोन आठवड्यांत उबतात. पिल्लांच्या तोंडाच्या कोपऱ्यात चमकणारे निळसर ठिपके असतात, अंधाऱ्या घरट्यात आईबापांना तोंड सापडावं म्हणून. या काळात उकडलेलं अंडं कुस्करून द्या. पिल्लं तीनेक आठवड्यांनी बाहेर येतात, पुढचे तीन आठवडे आईबापांजवळच राहू द्या. ही जोडी एकामागून एक अंडी घालत राहते आणि मादी खंगते, म्हणून वर्षात दोन वेळा पिल्लं झाली की पेटी काढून घ्या.