हाताला झेपणारं काडतूस कसं निवडाल?

भारतात परवान्यावर पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला काडतुसांचे पर्याय मोजकेच असतात. 9 मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या व्यासानुसार ठरणारं माप) मोडतं, म्हणून ते सोडूनच द्या. उरतात मुख्यतः तीन: .22 लाँग रायफल, .32 एसीपी (म्हणजेच 7.65 मिमी) आणि .32 एस अँड डब्ल्यू लाँग (पुढे नुसतं ‘लाँग’). परवान्यात बोअरची नोंद होते, त्यामुळे निर्णय अर्ज करण्याआधीच झालेला बरा.

आधी धक्क्याचा हिशेब करा. गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले शस्त्राचं वजन. .22 ची गोळी 2.6 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 325 मीटर. एसीपीची 4.6 ग्रॅम आणि 280 मीटर. लाँगची चपट्या तोंडाची वॅडकटर 6.4 ग्रॅम आणि 230 मीटर. गुणाकार साधारण 845, 1290 आणि 1470. आता 1100 ग्रॅमच्या मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलातून .22 झाडली तर भागाकार 0.77 येतो, 700 ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून लाँग झाडली तर 2.1, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. तीच लाँग 1200 ग्रॅमच्या मॅच पिस्तुलात 1.2 वर येते. तेव्हा ‘बत्तीसचा धक्का किती?’ असं कुणी विचारलं, तर आधी शस्त्राचं वजन विचारा.

कागदावरचं गणित हातावर तपासायचं ते रेंजवर, प्रशिक्षकासमोर. मॅगझिन त्यांनाच भरू द्या आणि खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी (न उडणारी नकली काडतुसं) मिसळायला सांगा. डमीवर चाप ओढताना नळीचं तोंड खाली झुकलं, की समजा हात धक्क्याला आधीच घाबरतोय. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या गोळ्या अशा वेळी बहुधा खाली डावीकडे लागतात. मोठं काडतूस घेऊन हे सुटत नाही, उलट पक्कं होतं. परत .22 वर या.

नवख्यासाठी आमचं मत ठाम .22. स्वस्त असल्याने सराव भरपूर होतो, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेला 25 मीटर पिस्तूल प्रकार याच काडतुसाचा. सेंटर फायर (बुडाच्या मध्यावर आघात होऊन उडणाऱ्या काडतुसांचा प्रकार) खेळायचं असेल तर लाँगची वॅडकटर; ती कागदात स्वच्छ गोल भोक पाडते, गुण मोजताना वाद होत नाही.

एसीपी निवडलंत तर मॅगझिन जपून भरा. या काडतुसाची रिम, म्हणजे बुडाची कड, किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढेच बसली पाहिजे. मागे अडकली तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि पिस्तूल जाम होतं. आखूड गोळीच्या काडतुसांना मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला जागा मिळते, म्हणून त्यांत हे जास्त घडतं.

एसीपी काडतूस लाँगच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतं, पण झाडू नका. त्याचा दाब लाँगपेक्षा बराच जास्त असतो.

.22 मध्ये अधूनमधून काडतूस फुसकं निघतं, कारण स्फोटक मसाला रिममध्ये सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही. तसं झालं तर नळी लक्ष्याकडेच रोखून तीस सेकंद थांबा, मगच चेंबर उघडा.